धुतलेली शेगडी

नवऱ्याची शेगडी आपण पाण्याने धुतली, ही गोष्ट डोरिन फोगलसांगने सात महिने पोटात ठेवली होती. लेकीला सांगितली नाही, गल्लीपलीकडच्या मिस ओडेसांना सांगितली नाही, आणि ईस्टरआधी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गुडघे टेकले तेव्हा फादरनाही सांगितली नाही. फादरना सांगायला तशी तिची हरकत नव्हती. पण फादरही इथलेच, दक्षिण सेंट लुईसमध्ये वाढलेले. त्यांच्या घरामागेही तसलीच गोल शेगडी होती, आणि ते माफ करतील की नाही याची तिला खात्री वाटेना.

या भागातले पुरुष तसे मोकळ्या मनाचे. शेजाऱ्याला गाडी देतील, शिडी देतील, प्रसंगी रक्तसुद्धा देतील. पण शेगडीला हात लावू देणार नाहीत. लोखंडाचं मोठं गोल पातेलं, त्यावर तसंच घुमटासारखं झाकण, खाली दोन चाकं आणि एक पाय, एवढीच ती वस्तू. पण दुसऱ्याच्या शेगडीचं झाकण उघडून बघणं म्हणजे दुसऱ्याच्या पाकिटात डोकावणं. आणि तिला पाणी दाखवणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. राख कोरडीच काढायची, जाळी गरम असतानाच खरवडायची, बस. धुतलेली शेगडी ही या गल्लीत न ऐकलेली गोष्ट होती. बायकांना हे सगळं लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यातच कळतं आणि शहाण्या बायका त्यावर वाद घालत नाहीत, कारण त्या दिवशी स्वयंपाक करावा लागत नाही.

नॉर्बची शेगडी बत्तीस वर्षांची होती, विटकरी लाल रंगाची. लोकांच्या तळघरातल्या घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्यात नॉर्बची चाळीस वर्षं गेलेली, त्यामुळे हवा कुठून येते आणि कुठे जाते हा त्याचा जन्माचा विषय. शेगडीच्या बुडाला तीन झरोके होते. त्यांच्यावर तीन पाती, आणि ती तिन्ही एकदम फिरवणारा एक दांडा खाली लटकलेला. दांडा सरकवला की झरोके उघडत, मिटत, आणि पात्यांनी लोटलेली राख खालच्या ताटलीत पडे. झाकणावर आणखी एक झरोका, फिरत्या चकतीचा. "आग कोळशावर चालत नाही, हवेवर चालते," असं नॉर्ब प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. तो दांडा केसभर इकडे, केसभर तिकडे करत पोर्क स्टेक भाजायचा. डुकराच्या खांद्याच्या मांसाचे बोटभर जाड काप, वर गोड आंबट सॉस, आणि सगळी गल्ली वास घेत कुंपणाशी उभी.

मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी कॉफीचा कप त्याच्या उजव्या हातातून सुटला आणि तो कप उचलायला त्याला वाकताच येईना.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल असं वाटतं, उजव्या बाजूचं आताच काही सांगता येत नाही. डोरिन घरी आली. रिकामं घर खायला उठलं होतं. तिने ओटा घासला, फरशी घासली, कपाटातल्या धुतलेल्या बशा परत धुतल्या, आणि तरी दुपारचे तीनच वाजले होते. मागच्या अंगणात नॉर्बची शेगडी उभी होती, आदल्या रविवारची राख आणि चरबी तशीच पोटात घेऊन. डोरिनने बागेचा पाइप ओढला, भांड्यांचा साबण आणला, आणि दीड तास ती शेगडी अशी घासली की बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला तळाचा खरा रंग दिसला. मग पावसाचं पाणी आणि उंदीर आत जायला नको म्हणून दांडा सरकवून तिन्ही झरोके घट्ट मिटले, झाकण ठेवलं आणि पायरीवर बसून पोटभर रडली.

नॉर्ब घरी आला. हिवाळाभर त्याने पिवळा रबरी गोळा दाबला, मार्चमध्ये शर्टाची बटणं स्वतः लावली, दाढी करताना हनुवटी कापून घेतली आणि त्यावरही खूश झाला. डोरिन मनात दिवस मोजत होती. थंडी सरली की हा बाहेर जाईल, शेगडी पेटवेल आणि आपलं घर पुन्हा पहिल्यासारखं होईल, एवढंच तिला हवं होतं.

एप्रिलातल्या एका उबदार रविवारी ती चर्चहून परतली तर नॉर्ब खुर्चीत बसला होता. टीव्ही बंद. गुडघ्यांना माती लागलेली.

"गेलला सांग," तो म्हणाला, "ती म्हणत होती ना, गॅसची शेगडी घेऊन देते. घेऊ दे."

"गॅसची? तू?"

"बटण दाबलं की झालं. हरकत काय आहे?"

बत्तीस वर्षं गॅसच्या शेगडीला 'अंगणात आणून ठेवलेला स्वयंपाकघरातला ओटा' म्हणणारा हा माणूस. डोरिनला वाटलं, परत झटका आला की काय. पण झटका नव्हता, ते काहीतरी वेगळंच होतं. त्या दिवसापासून त्याने रबरी गोळा सोडला. जेवायला चमचा डाव्या हातात घेऊ लागला. बेसबॉलचा सामना रेडिओवर चालू असला तरी त्याचं लक्ष नसे. काय झालं विचारलं की "कुठे काय" एवढंच उत्तर. नवरा समोर खुर्चीत बसलेला आहे आणि तरी दिवसेंदिवस दूर चाललाय, हे डोरिनला दिसत होतं, आणि काय करावं ते तिला कळत नव्हतं. तिला भीती वाटे की ती जुनी शेगडी एकदा घरातून गेली की हा त्या खुर्चीतून परत कधी उठायचा नाही.

आणि शेगडी जायचा दिवस मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उजाडलाही. सोमवारची सुट्टी धरून तीन दिवसांचा आराम, त्यामुळे गल्लीत सगळीकडे धूर. लेक गेल आणि जावई क्रेग गाडीच्या मागे एक भलामोठा खोका घालून आले. शेजारचा गस, आयुष्यभर नळ आणि पाइप दुरुस्त केलेला माणूस, जुनी शेगडी न्यायला हजर झाला. गल्लीपलीकडे मिस ओडेसांनी आपली घडीची खुर्ची कुंपणाला लावून मांडली होती. त्यांचं वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत.

नॉर्ब मागच्या पायरीवर बसला होता, उजवा हात खिशात.

"नॉर्ब, शेवटचं विचारतो," गस म्हणाला. "मन बदललं असेल तर सांग. मी आलो तसा जातो."

"ने."

"बत्तीस वर्षांची..."

"ने म्हणालो ना! आता काय तिला ओवाळू?"

डोरिन दारात उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं, नको नेऊस. पण कुठल्या तोंडाने ओरडणार? गसने शेगडीभोवती एक फेरी मारली, मालकाकडे बघून परवानगी घेतली आणि झाकण उचललं.

"अरे बापरे! नॉर्ब, हे काय? आत केक भाजत होतास की काय?"

डोरिन दारात एक पाऊल मागे सरकली. नॉर्बने मान वर केली नाही. "मी नेहमी स्वच्छच ठेवतो," तो म्हणाला.

"स्वच्छ ठीक आहे रे, ही तर नवरीसारखी दिसतेय. बरं, झरोके बघतो जरा." गस एका गुडघ्यावर बसला आणि खालचा दांडा धरून सरकवला. दांडा सरकला नाही. त्याने दुसऱ्या बाजूने सरकवला. मग पॅन्टला हात पुसले आणि पुन्हा धरला.

"हलत नाही," तो म्हणाला.

नॉर्बची मान वर आली. "काय हलत नाही?"

"दांडा."

"नाटकं करू नकोस, गस."

"मी कशाला नाटकं करू? माझी मुलगी नाटकात असते, मी नाही. हा हलतच नाही!"

"दोन्ही हातांनी लाव."

गसने दोन्ही हात लावले. गंजून बसलेले नळ ज्याने चाळीस वर्षं हाताने उघडले तो माणूस लालबुंद झाला, त्याच्या तोंडून दोन शब्द असे निघाले की मिस ओडेसांनी क्रूसाची खूण केली.

"गस, सकाळी जेवला नाहीस का रे?" त्यांनी विचारलं.

"जेवलोय, मिस ओडेसा."

"मग अंगी का लागत नाही?"

क्रेग पुढे झाला. क्रेग रोज पहाटे व्यायामशाळेत जातो आणि दंड दिसावेत म्हणून हिवाळ्यातही अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतो. तसा पोरगा चांगला आहे. "बाजूला व्हा, गस," तो म्हणाला. "याला जोर लागत नाही, पकड लागते."

"बघू या, इतकी वर्षं लोखंड उचलून काय शिकलास ते," मिस ओडेसा म्हणाल्या आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

क्रेगने पकड घेतली. मानेच्या शिरा फुगल्या. शेगडी जमिनीवरून वीतभर वर उचलली गेली, पुन्हा खाली आली, एका चाकावर डुलली. दांडा होता तिथेच होता.

"अरे, तो दांडा आहे, बायको नाही," मिस ओडेसा ओरडल्या. "चुचकारून काय होतंय?"

गेल हसत हसत पुढे आली. "सरक रे, बाईमाणसाचं काम आहे हे." तिने बूट रोवले, ओठ चावला, आणि तिचं नख तुटलं.

आणि तेवढ्यात डोरिनच्या कानावर एक आवाज आला, जो तिने ऑक्टोबरपासून ऐकला नव्हता.

"लाव अजून जोर! बस, एवढाच? क्रेग, तू पण धर! गस, तू तिकडून धर! तिघं मिळून एक दांडा हलवता येत नाही?"

नॉर्ब उभा होता. हात खिशाबाहेर होते. प्रत्येक माणूस हरला की त्याचं तोंड थोडं आणखी उजळत होतं, आणि आता तर ते कानापर्यंत फाकलं होतं. डोरिनला कळेना याला झालंय काय. घरची माणसं समोर फजीत होतायत आणि हा लॉटरी लागल्यासारखा हसतोय.

तो अंगणात उतरला, तिघांना हाताने बाजूला केलं, शेगडीपाशी खाली बसला आणि उजव्या हाताने दांडा धरला. ओढला. मनगटावरच्या शिरा ताठ झाल्या. दांडा ढिम्म.

"माझ्याच्यानेही हलत नाही!" तो आनंदाने ओरडला.

गेलने आईकडे पाहिलं. क्रेगने गसकडे पाहिलं. नॉर्बने मात्र फक्त डोरिनकडे पाहिलं.

"डोरिन," तो म्हणाला, "हा एप्रिलमध्येसुद्धा हलला नव्हता. तू चर्चला गेली होतीस तेव्हा मी आलो होतो इथे. म्हटलं, तू यायच्या आत पेटवून ठेवतो. अर्धा तास झटलो. मला वाटलं..." त्याने हात वर केला आणि बोटं मिटून उघडली. "मला वाटलं, हा गेला कायमचा. बटणं लावण्यापुरताच उरला."

डोरिन दारातून पायरीवर आली. सहा आठवडे! सहा आठवडे हा माणूस आपला हात मेला म्हणून खुर्चीत बसून होता, आणि कुणामुळे? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम आवरेनात.

"नॉर्ब," ती म्हणाली, "मी धुतली."

"काय धुतलीस?"

"शेगडी. तू इस्पितळात होतास तेव्हा. पाइप लावून."

 गसने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"पाण्याने?" नॉर्बने विचारलं.

"पाण्याने."

"नुसत्या पाण्याने?"

"भांड्यांचा साबण होता."

"देवा रे," पलीकडून मिस ओडेसा म्हणाल्या.

"आणि मग झरोके मिटलेस? ओले असताना?"

"पाऊस आत जाऊ नये म्हणून!"

नॉर्ब गवतावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले, मान खाली गेली, आणि गेल "डॅड!" म्हणून किंचाळत धावली. पण तो हसत होता. इतका हसत होता की त्याला श्वास पुरेना, डोळे पुसायला त्याने शर्टाचं टोक वर ओढलं आणि त्याचं पोट सगळ्या गल्लीला दिसलं.

"ओली राख!" तो कसाबसा म्हणाला. "त्यात चरबी! वर साबण! आणि सगळं हिवाळाभर वाळत ठेवलं! अहो, विटा बसवायचा माल होतो त्याचा. पंचेचाळीस वर्षं संसार केला आणि मला माहीत नाही, माझी बायको गवंडी आहे म्हणून!"

"मोठा पाना आणतो माझा," गस म्हणाला. "एका झटक्यात सुटेल."

"त्या दांड्याला पाना लावलास तर तुझा हात मोडेन, गस. या हाताने." नॉर्बने उजवा हात नाचवून दाखवला. "डोरिन, व्हिनेगर किती आहे घरात?"

लोणच्यासाठी आणलेले दोन मोठे डबे होते, तिसरा मिस ओडेसांनी कुंपणावरून दिला. लोकांच्या भट्ट्यांवर हवेत ओलावा ठेवणारी पाण्याची पेटी असते, तिच्यात चुन्याचा थर बसतो आणि तो व्हिनेगरने सुटतो, हे नॉर्बने हजार तळघरांत बघितलं होतं. राखेचाही तोच स्वभाव. त्याने खालची राखेची ताटली काढून ठेवली आणि तिन्ही डबे शेगडीत ओतले. बुडाला तीन तीन झरोके, आणि खाली एक थेंब सांडला नाही.

"मासे पाळता येतील यात," क्रेग खाली वाकून बघत म्हणाला.

"काम बघा माझ्या बायकोचं," नॉर्ब म्हणाला, आणि ते त्याने अशा अभिमानाने म्हटलं की डोरिनने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

पात्यांच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले. रेडिओ अंगणात आला, बेसबॉलचा सामना सुरू झाला, गार बिअर आली. खुर्च्या शेगडीभोवती गोल मांडल्या गेल्या. सगळे त्या व्हिनेगरकडे असे बघत बसले होते की नवीन कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, आत काहीतरी शिजतंय. चौथ्या डावाच्या अखेरीस खालून आवाज आला. टप. मग परत, टप. गस तिसरा थेंब बघायला खाली वाकला आणि नेमकं तेव्हाच सगळं व्हिनेगर धो धो करत त्याच्या बुटांवर आलं. एवढा जल्लोष त्या दिवशी मैदानावरही झाला नसेल.

मग नॉर्बने लाकडी हातोड्याच्या मुठीने दांड्याला हलक्या टिचक्या मारल्या. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, घाई न करता. दांडा गहूभर सरकला. मग बोटभर. आणि मग एक करकर आवाज करत थेट शेवटपर्यंत गेला, तिन्ही झरोके उघडले आणि शेगडीतून खालचं हिरवं गवत दिसलं.

"आता तेल मारू?" क्रेग स्वयंपाकघरातून तेलाची फवारणी करायचा डबा घेऊन आला होता.

"तेल मारलंस तर त्यावर राख चिकटेल आणि पुढच्या वर्षी परत तुझ्या सासूकडून व्हिनेगर मागावं लागेल. ठेव तो. माझ्या पेटीतली सुतारकामाची पेन्सिल आण."

त्याने शेगडी जुन्या घोंगडीवर उलटी केली, दांड्याची पिन काढली आणि पाती बाहेर घेतली. डोरिनने कणीक खरवडायची आपली प्लास्टिकची पट्टी दिली, त्या पट्टीने त्याने राखेचे पापुद्रे काढले. क्रेगच्या पकडीने एक पातं वाकलं होतं. ते विटेवर ठेवून ठोकून सपाट केलं, मग डोळ्यासमोर आडवं धरून बघितलं आणि आणखी दोन ठोके दिले. पातं बुडाला टेकून फिरलं पाहिजे पण घासता कामा नये, तो म्हणाला, घासलं की रंग जातो आणि रंग गेला की गंज येतो. मग घासणाऱ्या कडांवर पेन्सिलचं शिसं फिरवलं, तेलासारखं निसरडं पण कोरडं. मुलं वहीत रंगवतात तसं, जीभ थोडी बाहेर काढून. पाती परत बसली. आता दांडा एका बोटाने फिरत होता, आणि नॉर्बने तो गरज नसताना पाच वेळा फिरवून पाहिला.

झाकणाचं काम राहिलं होतं. वरच्या चकतीची खिळी झिजून सैल झालेली, त्यामुळे चकती आपोआप घसरून मिटायची. आजवर नॉर्बने तिथे पत्र्याची घडी खोचून दिवस काढले होते. पण त्या दिवशी त्याला दम निघेना. गसने ड्रिलने खिळी उडवली आणि आपल्या गाडीतून एक बोल्ट आणला. नॉर्बने तो बघून परत दिला, कारण त्यावर जस्ताचा मुलामा होता आणि जस्त तापलं की त्याचा धूर वाईट. दुसरा आणला, साधा स्टीलचा. खाली वॉशर, वर स्प्रिंगचा वॉशर, आणि मग हरभऱ्याएवढी बारीक नट.

नॉर्बने नट उजव्या हाताच्या चिमटीत धरली. अंगठा थरथरला आणि नट गवतात पडली. गेलने ती शोधून दिली. त्याने परत धरली, परत पडली. या वेळी कुणी थट्टा केली नाही. मिस ओडेसांनीसुद्धा तोंड मिटून घेतलं होतं.

"दे डॅड, मी लावते," गेल हळूच म्हणाली.

डोरिनने लेकीचं मनगट धरून तिला मागे ओढलं.  तिसऱ्यांदा गवतात शोधायची वेळ आली तर ती स्वतः रांगणार होती, आणि दहाव्यांदा आली तरी रांगणार होती.

नॉर्बने हात मांडीला पुसला. अंगठ्याचं ऐकून घेत असल्यासारखा क्षणभर थांबला. मग नट बोल्टच्या टोकावर टेकवली, अगदी सावकाश फिरवली, एकदा उलट, मग सुलट, आणि नटेने आटा धरला. त्याने शेवटपर्यंत आवळली, चकती फिरवून बघितली. चकती जिथे ठेवली तिथे राहिली.

"हं," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे शेगडी मला मिळत नाही," गस म्हणाला. "मी अंगणात जागा करून आलो होतो रे. बायकोची गुलाबाची कुंडी हलवली."

"परत ठेव जागेवर. तिला बरं वाटेल."

गॅसच्या शेगडीचा खोका न उघडता गाडीत परत गेला. गेलने तोंड वाकडं केलं, पण ते खोटंच होतं, कारण पुढच्या क्षणाला ती बापाच्या गळ्यात पडली आणि तिच्या चेहऱ्याला राख लागली. पोर्क स्टेक गॅससाठी म्हणून आणलेले होतेच. नॉर्बने कोळसे पेटवले, पांढरे झाल्यावर एका बाजूला लोटले, काप दुसऱ्या बाजूला मांडले, झाकण ठेवलं. वरचा झरोका पूर्ण उघडा. मग वाकून खालचा दांडा दोन बोटांत धरून अर्ध्यावर आणला, थोडा विचार केला, आणि केसभर आणखी मिटला. वरून निळसर धूर सरळ बारीक धारेने निघाला. इतका सुरेख निघाला की मिस ओडेसा गुडघे विसरून कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी हाडाजवळचा तुकडा ठेव, नॉर्बर्ट, आणि सॉस जास्त."

दुपार कलेपर्यंत सगळे जेवले. गसने तीन तुकडे खाल्ले आणि आपली शेगडीही व्हिनेगरने धुवावी की काय असा विचार बोलून दाखवला, त्यावर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. क्रेगने हाडं चाटली. मग गेल भांडी आत नेऊ लागली आणि नॉर्ब पायरीवर डोरिनच्या शेजारी येऊन बसला. अंगाला धुराचा वास, शर्टावर सॉस.

"कधी धुतलीस?" त्याने विचारलं.

"सांगितलं ना, तू इस्पितळात असताना."

"कितव्या दिवशी?"

डोरिनने एप्रनचं टोक बोटांभोवती गुंडाळलं. "तिसऱ्या."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते ते नॉर्बलाही ठाऊक होतं. तो तेव्हा डोळे मिटून पडला होता, पण जागा होता.

"मला दुसरं काही करता येत नव्हतं रे," ती म्हणाली. "म्हटलं, हा घरी आल्यावर आधी हीच मागणार. तर तयार असू दे."

 नॉर्बने तिचा हात उजव्या हातात घेतला आणि दाबला. आधी जपून, मग जोरात, मग आणखी जोरात, इतका की तिच्या लग्नाच्या अंगठीचा काठ दोन्ही बाजूंच्या बोटांत रुतला.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"दुखतंय," डोरिन म्हणाली. "दाब अजून."